स्कोअरशीटवर सही कोणाची? मुलांच्या बास्केटबॉल संघाची मुख्य कोच होऊ पाहणाऱ्या नागपूरकर मुलींसाठी

सतरा वर्षांखालील मुलांचा सामना होता. नागपुरातलंच एक सिमेंटचं कोर्ट, डिसेंबरची थंड सकाळ. टेबलवर बसलेले गृहस्थ स्कोअरशीट घेऊन आमच्या बेंचपाशी आले. माझ्या शेजारी पाण्याच्या बाटल्या भरायला आलेला एक कॉलेजचा मुलगा उभा होता. त्याच्यापुढे कागद धरून ते म्हणाले, "कोच, पहिले पाच सांगा आणि इथे सही करा." मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी पेन घेतलं, पाच नावांपुढे खुणा केल्या आणि सही केली. गृहस्थांच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलांच्या संघाची कोच बाई असेल हे त्यांना सुचलंच नव्हतं.

हा लेख त्या सहीबद्दल आहे. बास्केटबॉलमध्ये बाईला बरीच कामं मिळतात: ट्रेनर, मॅनेजर, लहान मुलांचं शिबिर, खेळाडूंचं वैयक्तिक कौशल्य सुधारून देणारी सहायक. या सगळ्यांत मेहनत आहे, मान आहे, पण निर्णय नाही. शेवटच्या दोन मिनिटांत कोणाला बसवायचं, कोणाला उतरवायचं हे सही करणारा माणूस ठरवतो. मग मुख्य कोचची जागा निघाली की समिती म्हणते, "यांना निर्णय घेताना आम्ही कधी पाहिलं नाही." म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत जा: इथे माझी सही कशी होईल?

आधी जगात काय झालंय ते बघा

एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये तीस संघ आहेत आणि आजवर त्यांतल्या एकाही संघानं कायमस्वरूपी मुख्य कोच म्हणून बाई नेमलेली नाही. जवळ पोचलेल्या बायका मात्र कमी नाहीत. त्यांच्या वाटा बारकाईनं पाहण्यासारख्या आहेत.

बेकी हॅमनला सॅन अँटोनिओ स्पर्सनं २०१४ मध्ये सहायक कोच म्हणून घेतलं. एनबीएतली ती पहिली पूर्णवेळ पगारी महिला सहायक. २०१५ मध्ये तिच्या हाताखाली स्पर्सच्या संघानं लास व्हेगासची समर लीग जिंकली. ३० डिसेंबर २०२० रोजी लेकर्सविरुद्धच्या सामन्यात मुख्य कोच ग्रेग पॉपोविच यांना पंचांनी बाहेर काढलं, जाताजाता त्यांनी हॅमनकडे सूत्रं दिली, आणि नियमित हंगामाच्या सामन्यात संघ चालवणारी ती पहिली बाई ठरली. २०२१ मध्ये पोर्टलंडच्या मुख्य कोचपदासाठी तिची मुलाखत झाली. तेव्हा तिच्यामागे सहायक म्हणून सात हंगाम होते. जागा चॉन्सी बिलप्स यांना मिळाली. खेळाडू म्हणून ते मोठे, पण सहायक कोच म्हणून त्यांचा एकच हंगाम झाला होता. हॅमन मग महिलांच्या डब्ल्यूएनबीएमध्ये लास व्हेगास एसेसची मुख्य कोच झाली आणि २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदं जिंकली. सही हातात आल्यावर काय होतं ते दिसलं.

ज्यांना पुरुष संघाचं मुख्य कोचपद खरोखर मिळालं, त्यांना ते दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये किंवा दुसऱ्या देशात मिळालं. नॅन्सी लीबरमन २०१०-११ च्या हंगामात टेक्सास लेजेंड्सची मुख्य कोच होती. ही एनबीएच्या खालची डेव्हलपमेंट लीग. नताली नाकासेनं २०११ मध्ये जपानच्या पुरुष लीगमध्ये सायतामा ब्रॉन्कोज हा संघ सांभाळला. अमेरिकेत परतल्यावर ती लॉस एंजेलिस क्लिपर्सच्या व्हिडिओ विभागात बिनपगारी शिकाऊ म्हणून लागली आणि तिथून वर चढत गेली. २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएतल्या नव्या गोल्डन स्टेट व्हाल्कीरीज संघाची मुख्य कोच म्हणून तिला त्या हंगामाची सर्वोत्तम कोच निवडलं गेलं. लिंडसे हार्डिंगनं २०२३-२४ मध्ये एनबीएच्या जी लीगमध्ये (त्याच डेव्हलपमेंट लीगचं नवं नाव) स्टॉकटन किंग्सचं मुख्य कोचपद सांभाळलं आणि तिथला सर्वोत्तम कोचचा पुरस्कार मिळवला. त्यानंतर तिला मिळालेली जागा लेकर्सच्या सहायक कोचची. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

यातून दोन गोष्टी मनात ठेवा. लहान संघाची मुख्य कोच होणं हे मोठ्या संघाच्या पाचव्या सहायकापेक्षा जास्त शिकवतं. आणि "स्वतः एनबीएत खेळली नाही, ती काय शिकवणार" हा आक्षेप पुरुषांना लागत नाही. एरिक स्पोल्स्ट्रा एनबीएत एकही सामना खेळलेले नाहीत. १९९५ मध्ये ते मायामी हीटच्या व्हिडिओ खोलीत कामाला लागले, २००८ मध्ये मुख्य कोच झाले आणि २०१२, २०१३ अशी लागोपाठ विजेतेपदं आणली. खेळाडू बाईचं ऐकत नाहीत म्हणणाऱ्यांना पाव गॅसोलचं २०१८ मधलं खुलं पत्र दाखवा. तो तेव्हा स्पर्सकडूनच खेळत होता आणि बाई एनबीएची मुख्य कोच होऊ शकते हे त्यानं स्वतःच्या अनुभवावरून ठामपणे लिहिलं होतं.

आपल्याकडची शिडी

भारतात पुरुषांची व्यावसायिक लीग अजून पक्की रुजलेली नाही. यूबीए २०१५ मध्ये सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत थांबली. त्यानंतर थ्री-बाय-थ्रीची, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या संघांची लीग आली, मग इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग. पुरुष खेळाडूला स्थिर पगार मिळतो तो रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, बँका, आयकर अशा खात्यांच्या संघांत. त्यामुळे "प्रोफेशनल संघाची कोच" ही जागा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. आज मिळू शकतील अशा सह्या वेगळ्या आहेत. शाळेचा चौदा वर्षांखालचा मुलांचा संघ. क्लबचा सतरा-एकोणीसचा संघ. मग कॉलेजचा पुरुष संघ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणारा कॉलेजचा संघ हा तुमचा पहिला खरा "पुरुष" संघ. दाढी आलेले, नोकरीची चिंता लागलेले, कलर होल्डर (विद्यापीठाच्या संघाकडून खेळलेला) व्हायचं स्वप्न घेऊन आलेले पोट्टे. त्यांना सांभाळलंत की पुढे कोणालाही सांभाळाल.

आपल्या शहरात या खेळाची मुळं खोल आहेत. शिवाजीनगरच्या मैदानावर संध्याकाळी उभं राहिलं तर दुसरीतल्या मुलीपासून निवृत्त माणसापर्यंत सगळे चेंडू आपटताना दिसतात. नागपूरची सिया देवधर भारताकडून खेळली. मुली खेळतात, चांगल्या खेळतात. खेळणं संपल्यावर त्या कोर्टावरून नाहीशा होतात, ती गळती थांबवायची आहे.

पायरी १: कागद, पण माझ्या क्रमानं

बहुतेक जण सांगतील, आधी बी.पी.एड. करा, मग पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा करा. दोन्ही चांगलेच. शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी हवी असेल तर बी.पी.एड. लागेलच, आणि त्यासाठी नागपुरात कॉलेजं आहेत, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही आहे. पटियालाचा कोचिंगचा डिप्लोमा एक वर्षाचा. ज्यांना घर किंवा नोकरी सोडून वर्षभर जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. प्रवेशाच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा, कारण खेळाडू म्हणून कुठल्या पातळीपर्यंत खेळलात याची प्रमाणपत्रं तिथे मागतात. जिल्हा आणि विद्यापीठ स्पर्धांची जुनी प्रमाणपत्रं आईच्या कपाटातून आजच काढून ठेवा.

पण माझा सल्ला थोडा उलटा आहे. या सगळ्याच्या आधी टेबल ऑफिशियलचं, म्हणजे सामन्यात टेबलवर बसून स्कोअर आणि वेळ नोंदवायचं काम शिका, आणि जमलं तर पंचाची परीक्षा द्या. जिल्ह्यात स्पर्धा असली की टेबलला माणसं कमीच पडतात, "मी बसते" म्हणणाऱ्या मुलीला कोणी नाही म्हणत नाही. तिथे बसलात की एका हंगामात तीस-चाळीस सामने डोळ्यांखालून जातात, कोणत्या कोचनं टाइम-आउट कधी मागितला हे तुमच्याच हातानं लिहिलं जातं आणि नियम पाठ होतात. शिवाय शहरातले सगळे पंच आणि कोच तुम्हाला नावानं ओळखू लागतात. एनबीएनंही १९९७ मध्ये व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या दोघींना पंच म्हणून घेतलं होतं. तिथल्या पुरुषांच्या सामन्यात बाईच्या हातात निर्णय पहिल्यांदा आला तो शिट्टीच्या रूपानं.

प्रथमोपचाराचा कोर्सही करून टाका. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हाळी शिबिरात मूल चक्कर येऊन पडलं तर काय करायचं हे डिप्लोमापेक्षा आधी माहीत हवं.

पायरी २: मुलांचाच संघ मागा

इथे बहुतेकींचं अडतं. क्लबमध्ये किंवा शाळेत गेलात की लगेच उत्तर येतं, "बरं झालं आलात, मुलींना बघायला कोणी नव्हतं." मुलींचा संघ नाकारू नका, त्यांना चांगल्या कोचची गरज आपल्याइतकी कोणाला कळणार? पण त्याच बैठकीत मुलांचा एक गट मागून घ्या. असं म्हणा: "सर, मुलींचा संघ मी घेते. सोबत चौदा वर्षांखालची मुलं एका हंगामासाठी माझ्याकडे द्या. शालेय स्पर्धेत त्यांची कोच म्हणून माझं नाव लिहा. हंगाम संपल्यावर बसून बघू." मागणी लहान आहे, मुदत ठरलेली आहे, नाव लिहिण्याची अट स्पष्ट आहे. अशा मागणीला नाही म्हणणं जड जातं.

चौदाच का? कारण शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस अशा तीन गटांत होतात. तुम्ही चौदाचा गट धरलात तर तीच मुलं तीन वर्षांनी सतराच्या गटात येतात आणि तोवर "मॅडमच आमच्या कोच" हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. संघाबरोबर आपणही वर चढायचं.

एक सापळा सांगून ठेवते. मुलींचा संघ बाहेरगावी जाताना सोबत बाई लागते, म्हणून तुम्हाला "मॅनेजर" करून नेतात. तुम्ही वयाचे दाखले, आधार कार्डं, तिकिटं, औषधं सांभाळता, रात्री मुलींच्या खोल्या मोजता, आणि बेंचवर सर बसतात. मी हे चार दौरे केले. एकही सामना माझ्या नावावर नाही. एकदा जा, अनुभव म्हणून. दुसऱ्या वेळी निघण्याआधीच सांगा की प्रवेशिकेवर माझं नाव सहायक कोच म्हणून लिहा. कागदं मी तरीही सांभाळेन.

आणि तो प्रश्न येईलच. पालक विचारतील, शेजारच्या कोर्टवरचे काका विचारतील, "मॅडम, पोट्टे ऐकतीन का तुमचं?" चिडू नका. "या मंगळवारी साडेपाचला, बघा," एवढं म्हणा आणि त्यांना खरंच बोलवा.

पायरी ३: पहिले दहा दिवस

आवाज चढवून सुरुवात करणाऱ्या कोचचा आवाज दहाव्या दिवशी संपलेला असतो. मुलं तुम्हाला तपासणार, उशिरा येणार, चेंडू आपटत राहणार. मी एक नियम ठेवला: मी बोलायला लागले की चेंडू काखेत. कोणी आपटला तर मी थांबते, बघते, काही बोलत नाही. तिसऱ्या दिवसापासून मुलंच एकमेकांना गप्प करतात.

स्वतःला सिद्ध करायला कुठल्या पोट्ट्याशी वन-ऑन-वन खेळू नका. हरलात तर तो किस्सा वर्षभर चालतो, जिंकलात तर एक मूल दुखावतं, आणि दोन्हींतून कोचिंग सिद्ध होत नाही. सरावाचा कागद हातात घेऊन उतरा आणि घड्याळाप्रमाणे चालवा. हेच त्यांना पटतं. आधीच्या सरांकडे कागद नसतो, बहुतेक वेळा.

नव्वद मिनिटांचा माझा कागद असा: दहा मिनिटं अंग गरम करणं, पंधरा मिनिटं पास आणि ड्रिबल, वीस मिनिटं चारविरुद्ध चार बचाव, चेंडू कोर्टभर फिरतोय आणि प्रत्येक पासला बचावाची जागा बदलतेय, वीस मिनिटं तीनविरुद्ध दोन आणि दोनविरुद्ध एक फास्ट ब्रेक, वीस मिनिटं परिस्थितीचा खेळ, शेवटची पाच मिनिटं दमलेल्या पायांनी फ्री थ्रो. परिस्थितीचा खेळ म्हणजे "दोन मिनिटं बाकी, चार गुणांनी मागे, एक टाइम-आउट शिल्लक" असं सांगून खरा सामना खेळवणं. हा भाग मुलांइतकाच तुमच्यासाठी आहे. निर्णयाची सवय इथेच लागते.

एक तांत्रिक गोष्ट. महिलांचा चेंडू ६ नंबरचा, पुरुषांचा ७ नंबरचा. घेर साधारण तीन सेंटीमीटरनं जास्त आणि वजनही जास्त. आयुष्यभर ६ नंबरवर खेळलेल्या हाताला ७ नंबरचा लांब पास दाखवताना कमी पडायला होतं. संघ हातात घेण्याआधी महिनाभर ७ नंबर घेऊन एकटीनं सराव करा. शिवाय पुरुषांच्या खेळात रिंगच्या उंचीवर जास्त गोष्टी घडतात, त्यामुळे मदतीला धावणाऱ्या बचावपटूनं अर्धं पाऊल आधी निघायला हवं. महिलांच्या सामन्यांतला अंदाज तसाच वापरलात तर तुमची मुलं प्रत्येक वेळी थोडी उशिरा पोचतील आणि फाउल करतील.

वेळ सकाळी साडेपाच ते सात ठेवा, निदान मार्च ते जून. घरचं गणित मग अवघड होतं, मला माहीत आहे. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी डबा करून दिला नसता तर मी हा लेख लिहायला इथे नसते.

पायरी ४: सामन्याचा दिवस

इथे सावकाश वाचा, कारण बाई कोच असली की लोक तुमची चूक लक्षात ठेवतात.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाप्रमाणे सामन्याआधी निदान ४० मिनिटं खेळाडूंची यादी टेबलवर द्यायची असते. १० मिनिटं आधी नावं आणि नंबर तपासून, पहिल्या पाचांवर खुणा करून कोचनं सही करायची. टेबलवर स्वतः जा, आपलं पेन घेऊन. "मी या संघाची मुख्य कोच" हे पंचांशी हात मिळवताना एका वाक्यात सांगून टाका, म्हणजे पुढचा घोळ होत नाही. शालेय आणि स्थानिक स्पर्धांत क्वार्टरची मिनिटं कमी करतात, म्हणून आयोजकांकडून त्या दिवशीचे नियम आधी विचारून घ्या.

टाइम-आउट फक्त मुख्य कोच किंवा पहिला सहायक मागू शकतो, आणि तोही टेबलकडे जाऊन, हातानं खूण करून. पंचावर ओरडून तो मिळत नाही, खेळाडूनं मागितला तरी मिळत नाही. पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन. पहिल्या अर्ध्यात वाचवलेले पुढे चालत नाहीत. आणि नव्या कोचचा हमखास तोटा होतो तो इथे: चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं लागली की दुसऱ्या अर्ध्यातल्या तीनपैकी दोनच वापरता येतात. तीनही राखून बसलात तर एक आपोआप जातो. म्हणून घड्याळात २:०० दिसायच्या आधी एक वापरून टाका.

त्याच शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू आपल्या अर्ध्या भागातून आत टाकायचा असेल आणि तुम्ही टाइम-आउट घेतलात, तर तो मागून टाकायचा की पुढच्या भागातून, हे कोचनं ठरवायचं असतं. पुढून घेतला तर अंतर वाचतं, पण शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) सहसा १४ सेकंदांचाच उरतो. चांगला ड्रिबलर असेल आणि समोरचा संघ दमलेला असेल तर मी मागूनच घेते. मैदानावर हा निर्णय विसरणारे अनुभवी सर मी पाहिलेत. तुम्ही विसरू नका.

टाइम-आउट एक मिनिटाचा. पहिले दहा सेकंद मुलांना बसू द्या, पाणी पिऊ द्या, तुम्ही सहायकाशी बोला. मग बचावाची एक सूचना आणि आक्रमणाची एक. तिसरी सूचना कोणाच्याही डोक्यात शिरत नाही. शेवटचे दहा सेकंद सगळ्यात बुजऱ्या मुलाला विचारा, "आता काय करायचं?" त्यानं बरोबर सांगितलं तर पाचही जणांना कळलंय असं समजा.

पंचांशी भांडू नका. बेशिस्त वागणुकीचे दोन टेक्निकल फाउल झाले की कोचला बाहेर जावं लागतं. सरांनी हातवारे केले तर त्याला तळमळ म्हणतात आणि आपण केले तर "बाई तापट आहे" म्हणतात. हे अन्यायाचं आहे आणि मी ते कुठे, कोणाला बोलायचं हे ठरवून ठेवलंय: सामना संपल्यावर, आयोजकांना, लेखी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक वही करा. त्यात प्रत्येक सामन्यातले पाच निर्णय त्याच रात्री लिहा: वेळ, स्कोअर, काय केलं, का केलं, काय झालं. उदाहरण म्हणून माझ्या वहीतलं एक पान. "तिसरा क्वार्टर, ४:१०, आपण ६ नं मागे. मॅन-टू-मॅन सोडून झोन लावला, कारण उंच खेळाडूचे चार फाउल झाले होते. पुढच्या तीन मिनिटांत दोन थ्री-पॉइंटर खाल्ले. चूक. कोपऱ्यातला शूटर लक्षात घेतला नव्हता." चुकाही लिहा. दोन हंगामांत शंभरावर निर्णय जमतात आणि तुमचा स्वभाव तुम्हालाच कळतो. माझा कळला: मी बदली खेळाडू उतरवायला नेहमी एक मिनिट उशीर करते. आता घड्याळ बघून करते.

पायरी ५: मोबाइल आणि व्हिडिओ

महागडी साधनं लागत नाहीत. मध्यरेषेच्या समोर, जमेल तितक्या उंचीवर, एखाद्या पायरीवर किंवा शेजारच्या गॅलरीत कोणालातरी मोबाइल आडवा धरून बसवा. चेंडूमागे धावू नको, अर्धं कोर्ट कायम दिसू दे, एवढंच त्याला सांगा. घरी बारापेक्षा जास्त तुकडे काढू नका, आणि त्यातले निदान पाच चांगल्या खेळाचे असू द्या. दाखवायला दहा मिनिटं पुरतात.

नाकासे आणि स्पोल्स्ट्रा याच खोलीतून वर गेले. शहरातल्या एखाद्या मोठ्या पुरुष संघाकडे "मी तुमच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा व्हिडिओ तयार करून देते" असं सांगून गेलात तर दार लवकर उघडतं, कारण हे काम कोणालाच नको असतं.

पायरी ६: पहिली सहायक व्हा, कुठलीही नव्हे

मोठ्या पुरुष संघात बोलावणं आलं की पद नीट विचारा. फिबाच्या नियमात "पहिला सहायक" याला अर्थ आहे: तो टाइम-आउट मागू शकतो आणि मुख्य कोच बाहेर गेला तर संघ त्याच्याकडे येतो. २०२० मध्ये हॅमनच्या हातात सामना आला तो ती सहायक कोच म्हणून बेंचवर होती म्हणून. नुसत्या "शूटिंग बघा" या कामाला हो म्हणण्याआधी एक तरी निर्णयाचं खातं मागा. पूर्ण बचाव तुमच्याकडे, किंवा शेवटच्या दोन मिनिटांच्या चाली तुमच्याकडे, किंवा सरावसामन्यांत मुख्य कोच तुम्ही. बेंचवर बसून मान डोलावत तीन वर्षं काढू नका.

पुरुष खेळाडूंशी बोलताना मोठी ताई होऊ नका. ते ताई म्हणतील, म्हणू द्या, पण बसवायचं त्याला बसवा आणि कारण त्याच दिवशी एकट्याला बाजूला घेऊन, कोर्टवरच, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर सांगा. माझा अनुभव असा की मुलं बाईचं ऐकत नाहीत असं नसतं. ज्याला का बसवलं हे कळत नाही, तो कोणाचंच ऐकत नाही.

मर्यादा, प्रवास, सुरक्षितता

हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि लेखी ठरवा. कपडे बदलायच्या खोलीत मुलांना आधी दहा मिनिटं द्या, मग दार वाजवून, सहायकाला सोबत घेऊन जा. सामन्याआधीचं बोलणं शक्यतो कोर्टच्या कडेलाच उरका. अठराखालच्या मुलांबरोबर एकटं थांबायचं नाही, त्यांना एकट्याला गाडीवर सोडायचं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही आणि तो आपल्यालाही लागू आहे. निरोप सगळ्या संघाच्या ग्रुपवर, पालकांसह. दौऱ्यावर स्वतंत्र खोली मिळेल हे निघण्याआधी लिहून घ्या. तुम्हालाच कोणी त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्थांनाही लागू होतो, अंतर्गत समितीचं नाव आधीच विचारून ठेवा.

पोटाचं काय?

फक्त कोचिंगवर घर चालेल असं मी म्हणणार नाही. सोनिया रमन ही भारतीय वंशाची कोच कायद्याची पदवी घेऊन नोकरी करत होती आणि बाजूनं वेल्स्ली कॉलेजात सहायक कोच होती. मग एमआयटीच्या महिला संघाची बारा हंगाम मुख्य कोच. २०२० मध्ये मेम्फिस ग्रिझलीजनं तिला एनबीएत सहायक म्हणून घेतलं, आणि २०२५ मध्ये ती डब्ल्यूएनबीएच्या सिअ‍ॅटल स्टॉर्मची मुख्य कोच झाली. म्हणजे नोकरी आणि कोर्ट वर्षानुवर्षं एकत्र चालू शकतं. आपल्याकडे शाळेतली क्रीडाशिक्षिकेची नोकरी, सकाळचा क्लब आणि उन्हाळी शिबिर मिळून गाडी चालते. क्लबकडून मानधन ठरवताना मुलांच्या आधीच्या कोचला किती मिळत होतं ते विचारा आणि तेवढंच मागा.

जागा निघाली की

जाहिरातीतल्या दहापैकी सात अटी पूर्ण होत असतील तरी अर्ज करा. पुरुष तर चार असल्या तरी करतात. फाइलमध्ये ठेवायचं: तुमचं नाव मुख्य कोच म्हणून असलेल्या स्कोअरशीटच्या प्रती (प्रत्येक सामन्यानंतर प्रत मागून घ्यायची सवय आजपासून), एका हंगामाचे सरावाचे कागद, दोन छोटे व्हिडिओ, तुमच्याकडे खेळून पुढच्या गटात गेलेल्या मुलांची यादी, आणि ती वही.

मुलाखतीत पाचव्या-सहाव्या मिनिटाला तो प्रश्न येईल. शुद्ध मराठीत येईल, चहाबरोबर येईल, "पुरुष खेळाडू ऐकतील का तुमचं?" वाद घालू नका. वही टेबलवर ठेवा आणि म्हणा, "सर, यातलं कुठलंही पान उघडा. वेळ आणि स्कोअर वाचा. तुम्ही काय केलं असतं ते आधी सांगा, मग मी काय केलं ते सांगते."